ॲव्हरेज महाराजांचं आसन

पलूसच्या बाजारतळावर त्या सकाळी भाजीवाल्या बायकांना पाटी टेकवायला जागा उरली नव्हती. जीपा, टेम्पो, दुचाक्या, एक तर उसाचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट येऊन उभा. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. मधल्या मोकळ्या जागेत झेंडूच्या माळांनी मढवलेली एक पांढरी गाडी गोल गोल फिरत होती. तिच्या बॉनेटवर लाकडी घोडी ठोकून एक लिटरची काचेची बाटली उलटी टांगली होती आणि बाटलीतून निघालेली पारदर्शक नळी बॉनेटच्या फटीतून आत गेली होती. गाडी फिरत होती, पण बाटलीतलं पेट्रोल काही हलायला तयार नव्हतं.

"आजून निम्मं बी सरलं न्हाई रं!"

"माझी जीप असती तर मगाशीच बाटली पिऊन ढेकर दिली असती तिनं."

"गप की गड्या. महाराज बोलत्यात."

महाराजांचं नाव श्री ऊर्जानाथ. पण गाडी किती ॲव्हरेज देते याखेरीज दुसरा प्रश्न न पडणाऱ्या आपल्या लोकांनी त्यांचं बारसं कधीच उरकून टाकलं होतं. ॲव्हरेज महाराज! साताऱ्याकडून आले होते आणि पुढे फलटणला निघाले होते. वाट वाकडी करून पलूसचं कल्याण करायला थांबले होते.

"भक्तहो," महाराज माइकवर म्हणाले, "पेट्रोल म्हणजे पाताळाचं रक्त! त्याचा कण न् कण रागावलेला असतो. रागावलेला माणूस जास्त खातो, तसं रागावलेलं पेट्रोल जास्त जळतं. आमचं ऊर्जायंत्र नळीवर बसलं, की कण शांत होतो, सात्त्विक होतो. सात्त्विक कणाला भूक कुठली?"

पेट्रोल गाडीला खातं की गाडी पेट्रोलला, हे कुणी विचारलं नाही.

"पण यंत्राला पथ्य आहे बरं. दर सोमवारी चारी चाकांना हवेचा नैवेद्य. डिकीत ओझं नको, ओझं म्हणजे पाप. गाडीला चाबूक मारल्यासारखं पळवायचं नाही, पाय फुलासारखा ठेवायचा. कुणाची वाट बघत उभं राहायचं तर इंजिन बंद. आणि उतार लागला की मौन! किल्ली बंद. उतार ही देवाची देणगी आहे. तिथं पेट्रोल जाळणं म्हणजे देवाच्या ताटात थुंकणं!"

लिंबाच्या झाडाखाली हंबीरराव उभे होते. हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, काखेत पुस्तकांची पिशवी, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की मागे मागे सरणारे. त्यांचं लक्ष बाटलीकडे नव्हतं, गाडीच्या मागच्या काचेकडे होतं. काचेच्या कोपऱ्यात तिरप्या चौकोनाच्या आकाराचा एक चिकट डाग होता, खरवडून काढलेल्या स्टिकरचा. सीएनजीच्या गाड्यांना असा हिरवा स्टिकर असतो. शिवाय डिकी रिकामी ठेवा म्हणणाऱ्या महाराजांची डिकी तेवढी भरलेली होती. भगव्या मखमलीखाली लांबट, गोलसर असं देवाचं आसन, त्यावर मूर्ती. आसनाला हात लावायची कुणाला मुभा नव्हती.

बाटली नुसती दाखवायची असेल आणि गाडी गॅसवर चालत असेल तर? हंबीररावांच्या मनात आलं. लगेच दुसरा विचार आला, असेल दुसराच काही डाग. आपल्याला कुठं गाड्यांतलं एवढं कळतं!

तरी शेजारच्याला त्यांनी हळू आवाजात विचारलंच, "ती मागच्या काचेवरची खूण बघितलीत का?"

"मास्तर, जरा बाजूला सरका. दिसंना झालंय."

हंबीरराव बाजूला सरकले.

गर्दीत मानसिंग होता. फौजेतून परतलेला, हंबीररावांच्या भावकीतला, स्वभावानं मोकळा. रोज सकाळी आपल्या पेट्रोल व्हॅनमधून डोंगरापलीकडच्या शाळेतल्या शिक्षकांना खिंडीतून नेणं-आणणं हा त्याचा धंदा. हंबीररावांची मुलगी क्रांती त्याच शाळेत गणित शिकवायची आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायची. पहिलं यंत्र घेतलं ते मानसिंगनं. तांब्याच्या पत्र्याचा डबीएवढा तुकडा, आत दोन लोहचुंबक. महाराजांच्या सेवेकऱ्यानं ते पेट्रोलच्या नळीवर चिमट्यानं बसवलं आणि वर हळदीकुंकू वाहिलं.

थोड्याच दिवसांत मानसिंग गावभर सांगत सुटला. "पाचशेचं टाकलं की शुक्करवारी काटा तळाला लागायचा. आता सोमवार गाठतीया गाडी. लय पावरफुल हाय यंत्र!"

हंबीररावांनी त्याला अंगणात बसवलं. "काट्यावरून ॲव्हरेज काढतोस होय? काटा चढाला एक सांगतो, उताराला एक. टाकी फुल्ल कर, किलोमीटर लिही, आठवड्यानं परत त्याच पंपावर फुल्ल कर. जेवढं मावेल तेवढं जळलं. मग भागाकार."

"फुल्ल? आवं मास्तर, टाकी फुल्ल कोन करतंय आपल्यात? लग्नाला जाताना करत्यात, ते बी नवरीच्या गाडीची."

पण मास्तरांना नाही कसं म्हणायचं? पंपावरची बंदूक आपोआप टक्क करून थांबेपर्यंत त्यानं भरली. तो चहाला गेला तेव्हा हंबीररावांनी यंत्र नळीवरून काढलं. आता हे ठेवायचं कुठं? घरी न्यावं तर ती चोरी होईल. आयुष्यात कुणाची सुतळीही न उचललेला माणूस तो. शेवटी रुमालात गुंडाळून त्यांनी ते व्हॅनच्याच पुढच्या कप्प्यात, जुन्या कागदांच्या मागं सारून ठेवलं.

आठवड्यानं पुन्हा टाकी भरली. ॲव्हरेज चांगलंच आलं. मानसिंगनं आनंदानं मांडीवर थाप मारली. "बगा! म्हनलं व्हतं न्हवं?"

"यंत्र नळीवर नव्हतंच," हंबीरराव म्हणाले आणि कप्प्यातून रुमाल काढला. "आठवडाभर इथं होतं. मानसिंग, अरे, चाकात हवा तू भरलीस. डिकीतलं सामान तू उतरवलंस. शिक्षकांची वाट बघताना इंजिन बंद करणारा तू. पाय हलका ठेवणारा तू. हे सगळं तुझं आहे. त्या डबीचं नाही."

मानसिंगनं रुमाल उघडून डबी बघितली. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "म्हंजे देव गाडीतच व्हता की, मास्तर! नळीवर असला काय आन् कप्प्यात असला काय!"

"मग एक आठवडा घरी ठेव."

"घरी? आन् कोप झाला म्हंजे?"

आपल्याच सज्जनपणानं आपला प्रयोग मारला, हे हंबीररावांना कळून चुकलं. पण खरी काळजी वेगळीच होती. "बरं, ठेव ते यंत्र. पण खिंडीत किल्ली बंद करू नकोस. ब्रेकला इंजिनाची साथ असते. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा ब्रेक दाबला, की पुढं तो दगड होतो. आणि वाचत तर काहीच नाही. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपण होऊन पेट्रोल तोडते. थेंब जात नाही."

"इंजान फिरतंय आन् पेट्रोल न्हाई?" मानसिंग खो खो हसला. "मास्तर, मग तुमी तर महाराजापरीस मोठा चमत्कार सांगताय!"

पंपावरची माणसंही हसली. हंबीररावांना पुढचं वाक्य सुचलं तेव्हा मानसिंग गेलेला होता.

व्हॅनमध्ये क्रांती रोज किल्लीवरून भांडायची. मागं बसलेले सगळे पदवीधर, कुणी मराठीचे, कुणी इतिहासाचे, एक तर विज्ञानाचे. "असू द्या हो मॅडम, शांत वाटतं," ते म्हणायचे. खिंडीच्या माथ्यावर किल्ली फिरली की गाडीत देवळातल्यासारखी शांतता पसरायची. एक गुरुजी डोळे मिटून जप करायचे.

त्याच शांततेत एका सकाळी वळणावर समोरून उसाची ट्रॉली चढत आली. मानसिंगनं ब्रेक दाबला, सोडला, दाबला, पुन्हा दाबला. मग पेडल खाली जाईना. त्यानं दोन्ही पायांनी जोर लावला आणि शेवटी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. फौजी होता म्हणून दरीच्या बाजूला गेली नाही. मागच्यांना खरचटलं. क्रांतीच्या उजव्या हाताची हाडं दोन ठिकाणी मोडली.

खरा घाव त्यानंतर बसला. फलटणहून महाराजांचा निरोप आला. यंत्रात दोष नाही. पथ्य मोडलं गेलं. यंत्राच्या समोर, पुढच्या सीटवर बाई बसत होती. बाईच्या सावटानं यंत्र रुसलं.

हा निरोप घेऊन मानसिंग स्वतः आला. डोळे खाली, हातात शहाळी. "मास्तर, मी कुनाला दोष देत न्हाई. पर ताईनं मागं बसाया हवं व्हतं."

क्रांतीनं प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवला. "मानसिंगदादा, ब्रेक कुणी दाबला?"

"मी."

"लागला का?"

"न्हाई."

"मग तो माझ्या सावटानं दगड झाला?"

मानसिंग शहाळी ठेवून गेला. गावात मात्र निरोप पोहोचला होता. चांगल्या घरच्या बायका क्रांतीला भेटायला यायच्या आणि जाताना हळूच म्हणायच्या, "पुढं कशाला बसायचं गं पोरी?"

त्या रात्री हंबीरराव तिला म्हणाले, "काचेवरचा डाग मी पहिल्याच दिवशी बघितला होता." आणि त्यांनी आसनाबद्दल सगळं सांगितलं. क्रांती रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "परत कधी येणार आहे तो?"

महाराज आले. गर्दी मागच्यापेक्षा जास्त. अपघातानं यंत्राचा धाक उलट वाढलाच होता. गाडी फिरू लागली, मग मधोमध थांबली, इंजिन चालूच. महाराज माइकवर सांगत होते, "एका बाईच्या चुकीनं काय झालं, ते तुम्ही बघितलंत!"

हंबीरराव गर्दीतून पुढं निघाले. बोलायचं पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. मग न बोलताच त्यांनी हात पुढं केला आणि बाटलीची नळी दोन बोटांत दुमडून घट्ट धरली.

इंजिन चालूच राहिलं.

लोकांची कुजबुज थांबली. हंबीररावांना वाटलं, झालं, आता सगळ्यांना दिसलं. बाटलीतून थेंब जात नाही आणि गाडी चालतेय, म्हणजे ती बाटलीवर चालत नाही. इतकं सोपं.

महाराजांनी एक क्षण डोळे मिटले. मग दोन्ही हात वर केले. "बघा भक्तहो! या नास्तिकाच्या हातूनच देवानं साक्ष दिली! पेट्रोल तोडलं, तरी गाडी चालतेय! बिनापेट्रोल!"

बाजारतळ टाळ्यांनी दणाणला. कुणीतरी नारळ फोडला. हंबीरराव नळी धरून तसेच उभे राहिले. वर्गात सोप्यात सोपं उदाहरण सोडवून दाखवावं आणि सगळ्या पोरांनी चुकीचं उत्तर लिहावं, तशी त्यांची गत झाली.

तेवढ्यात गाडीच्या मागं काहीतरी आपटलं. मूर्ती नीट बाजूला उचलून ठेवलेली, मूर्तीसमोरचं ताट तेवढं खाली पडलेलं, आणि क्रांतीच्या डाव्या हातात भगवी मखमल. डिकीत जाड पांढरा सिलिंडर आडवा पडला होता.

"मानसिंगदादा, हे काय आहे, मोठ्यानं सांगा."

मानसिंग पुढं आला. वाकून बघितलं. "ही... ही सीएनजीची टाकी हाय." मग त्यानं बॉनेट उघडलं. बाटलीची नळी इंजिनापर्यंत गेलीच नव्हती. कोपऱ्यातल्या एका डब्यात तिचं तोंड सोडलेलं, आणि डब्यात थेंब थेंब साठलेलं पेट्रोल.

"देवाच्या आसनाला हात लावला!" सेवेकरी ओरडला. कुणीतरी हंबीररावांना ढकललं, चष्मा पडला. पण माइक खाली पडला होता, तो त्यांच्या पायाशी आला. त्यांनी तो उचलला.

"मी चांगला बोलणारा नाही. ती गाडी गॅसवर चालते, एवढंच. तुमच्या गाड्यांना फरक पडला, तो खरा आहे. तो तुमच्या हातानं पडला. हवा बरोबर ठेवा, ओझं काढा, सावकाश चालवा, वेळेवर गिअर बदला, थांबलात तर इंजिन बंद करा. पण उतारावर नाही. उतारावर कधीच नाही. यानं चार खऱ्या गोष्टींत एक खोटी मिसळली आणि एक जीवघेणी. खऱ्याचं श्रेय घेतलं यानं, आणि जीवघेण्याचा दोष दिला माझ्या मुलीला. कुणी काही सांगितलं तर मोजून बघा. मी सांगितलेलंही मोजून बघा. मोजायला देव लागत नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. महाराजांची गाडी हॉर्न वाजवत गर्दीतून निघाली. त्याच आसनावर, गॅसवर. ती अडवावी असं कुणाला सुचलं नाही. यंत्रापायी दिलेल्या आपल्या दक्षिणेचं काय, एवढंच जो तो एकमेकांना विचारत होता. सावटाबद्दल क्रांतीची माफी कुणी मागितली नाही.

हात जुळला, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. फळ्यावर लिहिताना क्रांतीला मध्ये थांबावं लागतं. शाळेत जायच्या पहिल्या दिवशी ती व्हॅनजवळ आली तेव्हा शिक्षकांनी तिच्यासाठी मागं जागा करून ठेवली होती. ती पुढं बसली.

खिंडीच्या माथ्यावर मानसिंगचा हात सवयीनं किल्लीकडं गेला. क्रांतीनं फक्त बघितलं. हात मागं आला, त्यानं तिसरा गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. इंजिनाच्या घुमण्यावर गाडी अडखळत, धरून धरून उतरू लागली.

आरशाखाली तांब्याची डबी लोंबत होती.

"असू द्या ताई," मानसिंग पुटपुटला, "नळीवर तर न्हाई न्हवं."

क्रांतीनं डबीकडे बघितलं, मग रस्त्याकडे. समोरून उसाची ट्रॉली चढत होती.

"ब्रेक दाबा," ती म्हणाली.

त्यानं दाबला. गाडी थांबली.