पडशील हं

वैशालीबाईंच्या पत्राला मधुकररावांनी उत्तर दिलं नव्हतं. उभा जन्म ग्रंथालयात काढलेला हा माणूस कितीदा तरी कागद पुढे ओढायचा आणि कोराच ठेवून द्यायचा. बाईंनी लिहिलं होतं, ‘बालवर्गात आम्ही मुलांना वीतभर उंचीच्या फळीवरून चालवतो. तोल साधता आला की पुढे हातही वळतो, पेन्सिल नीट धरता येते. तुमची नात फळीपाशी थांबते आणि म्हणते, आधी पडशील म्हणा ना. घरी असं कोण म्हणतं? सोमवारपर्यंत कळवा. नाहीतर क्षिप्राला बाजूला बसवीन; रडवून मला शिकवायचं नाही.’

मुलगा-सून सकाळीच नोकरीला जात. जिन्यात, घसरगुंडीवर, फुटपाथच्या कडेला तिला जपणारे आजोबाच, आणि पावलागणिक ‘पडशील हं’ म्हणणारेही तेच. कबूल करायची लाज वाटे. आणि चालवा म्हणून कळवलं नि पोर खरंच पडली तर?

सोमवारी ते शाळा सुटण्याआधीच कोपरखैरण्यातल्या त्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. अंगणात फळी मांडली होती आणि पाळी नेमकी क्षिप्राची होती. तिने आजोबांना पाहिलं.

“आजोबा, म्हणा ना.”

बाई वळल्या. सगळा वर्ग वळला. मधुकररावांची कानशिलं तापली. शब्द ओठांवर आला होता. त्यांनी फाटकाचा गज आवळला आणि तोंड घट्ट मिटलं. क्षिप्राचा ओठ थरथरू लागला.

“बाई, ती रडनार बगा,” रांगेत मागे उभा असलेला, बोनकोडे गावातला प्रितेश म्हणाला.

“मी नाय रडत.”

ती रागारागाने फळीवर चढली. हात पसरले. मध्यावर गुडघा लटपटला, पाय निसटला आणि ती धपकन मातीत बसली. मधुकरराव फाटकाच्या आत शिरलेच होते. बाईंनी हातानेच थांबा म्हटलं.

गुडघा खरचटला होता. क्षिप्राने तो निरखला, मग आजोबांकडे पाहिलं.

“पडले,” तिने सांगून टाकलं, एक काम उरकल्यासारखं. आणि पुन्हा चढली.

या खेपेला ती पार पलीकडे गेली.

बाई चार पावलांवर होत्या, पण त्यांच्याशी बोलायचा मधुकररावांना धीर झाला नाही. घरी येऊन त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं, ‘ते मीच म्हणतो. क्षिप्राला फळीवर राहू द्या.’ पुन्हा वाचलं तर फाडलं जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून चपला सरकवून ते तसेच खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत कार्ड टाकलं.