चालू मशीनचा सौदा

संघदीपने पेचकसाचं टोक रंधा मशीनच्या बेअरिंगवर टेकवलं आणि त्याची मूठ कानाला लावली. जुनी मशीन चालू करून, अशी ऐकूनच घ्यायची, हा त्याचा नेम. तीन महिन्यांत बालाघाट, तुमसर, राजनांदगाव पालथं घालून झालं होतं. कुठे गंजावर नवा रंग फासलेला, कुठे खडखड दाबायला बेअरिंगमध्ये ग्रीस कोंबलेलं. घराजवळच्याच गोरेगावाकडच्या या शेडमधली मशीन मात्र एका सुरात चालत होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यात लाकूड तासलेल्या माणसाला आपल्या मुर्री गावात टाकायचं स्वतःचं दुकान समोर दिसायला लागलं.

"उमेंद्रभाऊ, घेतो मी. टेम्पो भाहेर उभाच हाये."

"लवकर न्या मिस्त्री. उगाच भानगड नोको," मालक उमेंद्र दाराकडे पाहत म्हणाला.

भानगड तोवर दारात येऊन ठाकली होती. उमेंद्रचा थोरला भाऊ भोजराज, हातात लाकूड तासायचा वासला घेऊन.

"काऊन बे, बाबाची मशीन मले न इचारता इकून राह्यला?"

"तुले कायले इचारू? दहा वर्सात शेडात पाय तरी ठेवला का?"

भोजराजने वासला फिरवला. वासल्याचा दांडा उमेंद्रच्या डाव्या खांद्यावर असा बसला, की हाड वाजलेलं मशीनच्या घरघरीतही ऐकू आलं. उमेंद्रने मूठभर भुसा त्याच्या डोळ्यांत फेकला आणि पोटात लाथ घातली. वासला कुठेतरी जाऊन पडला. मग दात, नखं, डोकी, हाताला लागेल ते. भाऊबंदकीला कुठे शेंडाबुडखा असतो? शेवटी भोजराजने धाकट्याला मशीनवर दाबलं, त्याचं उजवं मनगट पकडलं आणि फिरत्या पात्यांकडे रेटायला लागला.

"ह्याच हातानं इकतेस ना? ह्याच हातानं?"

संघदीपने झेप घेतली, तर भोजराजचं कोपर नाकावर बसलं. त्याने धडपडत स्विच बंद केला. पण वीज गेली म्हणून पाती लगेच थांबत नाहीत, स्वतःच्या वेगाने मिनिटभर फिरतच राहतात. उमेंद्रची बोटं वीतभर दूर होती. मग चार बोटांवर आली. तो बोकडासारखा ओरडत होता.

थांबवायचा एकच उपाय होता, आणि तो आपल्याला ठाऊक नसता तर बरं, असं संघदीपला वाटून गेलं. मशीन सरकवायला आणलेली लोखंडी सब्बल त्याने उचलली आणि पात्यांच्या तोंडात खुपसली.

कानठळ्या बसल्या. पात्याचा एक तुकडा छताचा पत्रा फाडून गेला, दुसऱ्याने संघदीपचा दंड चिरला. शाफ्ट वाकला. मशीन भंगारात जमा झाली.

उमेंद्रने हात छातीशी ओढून घेतला. दोघे भाऊ धापा टाकत आधी मशीनकडे, मग संघदीपकडे पाहू लागले.

"बाबाची मशीन मोडली यानं!" भोजराज ओरडला.

मघाशी जिवावर उठलेले भाऊ घटकेत एक झाले. भोजराजने त्याला मागून आवळलं आणि उमेंद्रने, नुकत्याच वाचलेल्या हाताने, त्याच्या कानाखाली जाळ काढला. मग दोघांनी लाथा घातल्या. सब्बल संघदीपच्या हाताशीच पडली होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग उठून रिकाम्या टेम्पोत जाऊन बसला.

घरी त्याच्या बायकोने, रंजिताने, दंडाला पट्टी बांधली, ओलं फडकं गालाला लावलं.

"कोणं मारलं जी? सारी बोटं उमटली ना गालावर."

"मोज बरं किती हायत."

तिने बोट लावून मोजली.

"पाच."

"पाचही हायत ना? मंग ठीक हाये," तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून मशीनसाठी ढसाढसा रडला.