मागच्या दाराचा खटका

कारखान्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर 'मॅडम', पाठ वळली की कात्रीबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं त्याचा अभिमानच वाटायचा. विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवणारी ती कंपनी, आणि गाडीतून काय काय काढून टाकता येईल ते शोधायचं हे तिचं काम. आठ स्क्रू लागतात तिथे सहा चालतील का, दोन झाकणांचं एक होईल का, ही तार लागतेच का. बाकीचे इंजिनिअर गाडीत काहीतरी घालायला टपलेले असत, ही काढायला. घरी नवरा चेष्टेने म्हणायचा, "भाजीत मीठ आहे ना गं? की तेही नियमात लागत नाही म्हणून काढलंस?"

त्या सोमवारी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं.

"आतापर्यंत आपण हौशी लोकांसाठी गाड्या केल्या," ते म्हणाले. "आता नर्स, शाळेतला शिक्षक, दिवसभर दुकानात उभा राहणारा माणूस, यांना परवडेल अशी गाडी हवी. किंमत एक-तृतीयांशाने खाली आली पाहिजे. ती कशी असावी, बोला."

मग प्रत्येकाने आपापलं घोडं पुढे दामटलं. बॅटरीवाला म्हणाला, बॅटरी लहान करू, लोक रोज जातात तरी किती लांब? विक्रीच्या बाईंनी टेबलावर बोट आपटलं. "बाकी काय ते कापा. पण ती आपोआप बाहेर येणारी हँडलं, त्यांना हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे. गिऱ्हाईक जवळ येतं, हँडल बाहेर येतं, तिथेच निम्मी गाडी विकली जाते."

शेवटी साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "तीन आठवडे. चालू द्या तुमची कात्री."

पूर्वी अशा वेळी तिचे हात शिवशिवायचे. आता तिने समोरची वही मिटून ठेवली. आणि तेवढ्यात पाठीमागच्या काचेवर कोणीतरी उघड्या तळव्याने थाप मारली. दोन वेळा. मग थोडं थांबून पुन्हा दोन वेळा. तिने वळून पाहिलं. काचेपलीकडे रिकामा पॅसेज. खोलीतल्या कोणाचीही मान वळली नव्हती.

मास्तरांना जाऊन नऊ महिने झाले होते.

मास्तर म्हणजे गाड्यांची चाचणी घेणारे ड्रायव्हर. निम्म्या कंपनीला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं, म्हणून मास्तर. हिलाही त्यांनीच शिकवलं होतं, तेही चौतिसाव्या वर्षी. "अहो बाई, ब्रेक दाबायचा असतो, झुरळ मारायचं नसतं," असं म्हणत म्हणत. अपघाताच्या दिवशी दुपारी ते तेव्हाच्या नव्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले होते. मागच्या चाकापाशी कसला तरी आवाज येत होता, तो त्यांना ऐकायचा होता. पुढे चालवायला त्यांचा जोडीदार लंबू. दोन सीटांच्या मधली जागा मोजमापाच्या यंत्रांनी भरलेली. ट्रॅकवर पडलेला कसला तरी लोखंडी तुकडा गाडीच्या पोटात घुसला, बॅटरीतून धूर निघाला आणि गाडीतली वीज गेली. लंबूने आपल्या दाराचा खटका ओढला आणि बाहेर पडला. मागच्या दारांना खटका नव्हता. तिथे फक्त बटण होतं, आणि वीज नसली की बटणाचं नुसतं चित्र उरतं. बाहेरची हँडलंही विजेवरचीच. ती दाराच्या आतच बसून राहिली. हातोडा घेऊन माणसं पोचेपर्यंत चार मिनिटं गेली.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं होतं: दारांची यंत्रणा नियमानुसार, दोष कोणाचाही नाही. लंबूच्या जबाबात एक ओळ होती. 'मागच्या काचेवर आतून थापा ऐकू येत होत्या. दोन, थोडं थांबून पुन्हा दोन.' तिने तो अहवाल एकदाच वाचला होता. ती ओळ मात्र तिला सोडायला तयार नव्हती. लिफ्टमध्ये, बँकेच्या काउंटरपाशी, भर दुपारी केस विंचरताना आरशाच्या मागून थापा यायच्या. घरात तिने दारं लावायची सोडून दिली. नवरा आधी थट्टा करायचा, मग त्यानेही विचारणं सोडलं.

त्या गाडीच्या पहिल्या नकाशात मागच्या दारांनाही खटका होता. हातभर तार आणि बोटभर खटका. तो हिने काढला होता. अहवालात हे कुठेच नव्हतं, कारण कोणी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही.

दोन आठवड्यांत तिने नव्या गाडीचा कच्चा आराखडा दिला. मागच्या दारांची रचना जुन्या गाडीवरून जशीच्या तशी उचलली होती. तीच सगळ्यात स्वस्त पडत होती. कारखान्यातल्या सुतारकाकांनी त्यावरून गाडीचा लाकडी सांगाडा उभा केला. चाकं नाहीत, बॅटरी नाही, पण दारं, सीटा, छत सगळं खऱ्या मापाचं. काचांच्या जागी जाड पारदर्शक प्लॅस्टिक. बसून बघायचं, गुडघे कुठे लागतात, डोकं कुठे आपटतं.

जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर ती टेप घेऊन गेली. सुतारकाका हात धुवायला निघाले होते. "बसा तुम्ही, आलोच," म्हणाले.

ती मागच्या सीटवर बसली आणि माप घ्यायला दार ओढून घेतलं. कट् असा आवाज झाला. तिने गुडघ्यापासून पुढच्या सीटपर्यंत टेप धरली.

थाप पडली. अगदी तिच्या कानाजवळ. दोन. प्लॅस्टिक थरथरताना तिने डोळ्यांनी पाहिलं. मग थांबून पुन्हा दोन.

टेप हातातून सुटली. तिने दाराचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बोटाखाली कागद लागला, बटणाचं छापील चित्र. दारावरून वरखाली हात फिरवला, हाताला काहीच लागेना. नुसतं गुळगुळीत लाकूड. तिने हाक मारली. मग तळव्याने प्लॅस्टिकवर मारायला लागली, दोन वेळा, आणि श्वास संपला. छातीत हवा भरून घेतली आणि पुन्हा दोन वेळा.

तेव्हा तिला कळलं की मधे थांबायचं कशासाठी. मास्तर श्वास घ्यायला थांबत होते. आणि धुराने भरलेल्या त्या गाडीत हवा नव्हती.

दार बाहेरून उघडलं. "अहो मॅडम, काय हे!" सुतारकाकांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. "आतून कुठे खटका आहे त्याला? तुमच्या कागदावर नाही, मग मी तरी कसा लावू?"

"किती वेळ होते मी आत?"

"हात धुऊन आलो एवढाच. मिनिटभर असेल."

"काका, तुम्हाला थापा ऐकू आल्या?"

"आल्या की. म्हणून तर पळत आलो." त्यांनी पंच्याला हात पुसले, सांगाड्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सकाळीही आल्या होत्या. मी एकटाच होतो. म्हटलं, लाकूड सुकत असेल."

त्याच संध्याकाळी ती मास्तरांच्या घरी गेली. नऊ महिन्यांत एकदाही तिकडे फिरकली नव्हती. मास्तरांची बायको कपडे दुरुस्त करून द्यायची. मशीनसमोर बसून कोणाच्या तरी कोटाची शिवण उसवत होती.

"ये," ती म्हणाली. "वाट चुकलीस का?"

"वहिनी, मला एक सांगायचंय. मागच्या दाराचा खटका मी काढला होता."

"ठाऊक आहे मला."

ही उभीच राहिली.

"बस. हे घरी येऊन बोलले होते," वहिनी शिवणीवरची नजर न काढता म्हणाली. "मागे बसलं की हात दाराशी जातो, म्हणे, आणि हाताला काही लागत नाही. उद्या सांगतो बाईंना, त्या ऐकतील. आले होते का सांगायला?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द, आणि मरेपर्यंत कोणाला कळलं नसतं.

"आले होते," ती म्हणाली. "माझ्या टेबलापाशी उभे राहिले. मी मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, मास्तर, नंतर बोलू या, आज यादी द्यायचीय. ते म्हणाले, बरं. आणि गेले."

वहिनीच्या हातातली सुई थांबली. खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं.

"बरं म्हणाले," वहिनी म्हणाली. "तसंच म्हणायचे. भांडण मिटवायला आयुष्यभर तेवढा एकच शब्द वापरला त्या माणसाने."

"वहिनी, मला माफ..."

"ते मागू नकोस. ज्याच्याकडे मागायचं तो गेला." तिने दोऱ्याचं टोक दाताने तोडलं. "स्वस्तातली गाडी काढताय म्हणे नवीन. त्यात मागे कोण बसणार?"

हिने नजर कोटाच्या उसवलेल्या शिवणीवर ठेवली.

"तुमच्या त्या महागड्या गाडीत मागे काय असतं? साहेबाची बॅग. स्वस्त गाडीत पोरं असतात, सासू असते, माझ्यासारखी गुडघे धरलेली बाई असते. घर अख्खं मागे कोंबलेलं असतं. खटका काढायचाच होता ना, तर पुढचा काढायचास."

घरी येऊन तिने काय काय काढायचं त्याची यादी फाडली आणि नव्याने लिहायला घेतली. त्याच रात्री तिने एक पत्रही लिहिलं.

तीन आठवडे पुरे झाले त्या सकाळी काचेच्या खोलीत तिने यादी वाचली. आपोआप बाहेर येणारी हँडलं गेली; त्यांच्या जागी हाताने ओढायची साधी मूठ. स्क्रीन निम्मा. काचेचं छत गेलं, सीटा मागेपुढे करणाऱ्या मोटारी गेल्या, दारातले रंगीत दिवे गेले. चारही दारांना आतून खटका, तारेवर चालणारा, डोळ्यांसमोर दिसेल असा, पाच वर्षांच्या पोराला ओढता येईल एवढा मोठा. किंमत साहेबांनी सांगितली तिथे येऊन बसत होती.

"ही तर आमच्या वडिलांच्या काळातली गाडी झाली!" विक्रीच्या बाई म्हणाल्या.

"वडिलांच्या गाडीचं दार उघडायचं का?"

"उघडायचं म्हणजे काय?"

"तेच. तशी गाडी हवी."

साहेबांनी कागद उलटून पाहिला. "बाकीचं पटतंय. पण मागचा खटका नियमात लागत नाही. तुम्हीच तर नेहमी हे सांगता. तो काढला तर आणखी खाली येऊ."

"मागच्या गाडीतही लागत नव्हता," ती म्हणाली. "म्हणून मी तो काढला. त्यानंतर मास्तर मला सांगायला आले होते, की हे चुकतंय. मी ऐकून घेतलं नाही. दोन आठवड्यांनी ते त्याच सीटवर गेले."

कोपऱ्यात बसलेले कंपनीचे वकील हळूच म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही बोलला नाहीत. आम्ही ऐकलं नाही."

"मी बोलले. आणि चौकशी अधिकाऱ्यांना लिहूनही दिलंय. पत्र सकाळीच पोचवून आले."

साहेबांनी कागद खाली ठेवला. विक्रीच्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मास्तरांनी त्यांनाही शिकवलं होतं.

यादी मंजूर झाली. ते पत्र गेल्यावर खटका काढायच्या कागदावर सही करायची कोणाची छाती होती? गाडी पुढे दीड वर्षाने बाजारात आली. दिसायला साधी, कोणी तिला डबा म्हणालं, पण खपली. जुन्या गाड्याही परत बोलावून त्यांच्या मागच्या दारांना खटके बसवले. हिला मात्र आधी रजेवर पाठवलं, मग राजीनामा मागितला. तिने तो दिला. थापा त्या दिवसापासून बंद झाल्या, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. कमी झाल्या. मधे पंधरा-पंधरा दिवस शांत जात, मग एखाद्या दुपारी काच वाजे. पूर्वी ती कान झाकून घ्यायची. आता हातातलं काम ठेवून ऐकायची.

पत्रानंतर चार महिन्यांनी चौकशी पुन्हा उघडली. तारखेच्या दिवशी ती सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. शेजारी येऊन कोणीतरी बसलं. लंबू. अपघातानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तिला वाटायचं, खटक्याचं त्यालाही ठाऊक असणार, म्हणून आपलं तोंड बघत नसेल.

तो गुडघ्यांवर कोपरं टेकून जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, जबाबात मी लिहिलंय की बाहेर पडलो आणि लगेच मागच्या दाराकडे गेलो."

"हो. वाचलंय मी."

"तसं नव्हतं. मी पळालो. ट्रॅकच्या भिंतीपर्यंत पळत गेलो. तिथे हात टेकले, तेव्हा आठवलं की मास्तर आत आहेत." त्याने तळवे उलटे करून बघितले. "मग परत आलो."

"कोणाला बोललास हे?"

"बायकोलाही नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. एवढा उंच माणूस, पण बाकावर मुटकुळं करून बसला होता. वर्षभर आपण एकट्याच आहोत असं ती धरून चालली होती.

दार उघडून शिपायाने तिचं नाव पुकारलं. ती उठायला लागली तसा लंबू म्हणाला, "आधी मी जाऊ? नाहीतर माझा धीर सुटेल."

तिने शिपायाला थांबायची खूण केली, पाय आत ओढून घेतले आणि त्याला वाट करून दिली.