एकेचाळीस नंबरचं पान

"ताई, ते पान फाड. एकच तर पान आहे. कोण मोजायला येतंय?"

"मी येते ना," ताई म्हणाल्या. "पानांना नंबर घातलेत. चाळीसनंतर एकदम बेचाळीस दिसलं, तर ती बाई विचारणारच, मधलं कुठं गेलं."

धाकट्या भावाने कपाळावर हात मारला. क्लबचा अध्यक्ष तो होता. विमा कंपनीची तपासनीस अर्ध्या तासात येणार होती आणि विम्याची मुदत उद्या संपत होती. गोदामाच्या मालकाची अट एकच: विमा नाही, तर किल्ली नाही.

त्या रिकाम्या गोदामात फळ्यांची तीस फूट उंच भिंत होती. दर रविवारी पस्तीस मुलं-मुली कमरेला दोर बांधून ती चढायची; दोराचं दुसरं टोक शिकवणारा खाली उभा राहून धरायचा. शिकवणारे सगळे हौशी: एक शिंपी, एक बसड्रायव्हर, एक नर्स आणि एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासून निवृत्त झालेल्या ताई.

वही त्यांनीच सुरू केली होती. कव्हरवर लिहिलं होतं, 'थोडक्यात'. थोडक्यात निभावलेली चूक ज्याची त्याने, आपल्या हाताने, घरी जाण्याआधी लिहायची. लिहिणाऱ्याला कुणी ओरडायचं नाही. सगळे जिला 'खार' म्हणायचे त्या नऊ वर्षांच्या चपळ मुलीने लिहिलं होतं, 'मी कडी बंद करायला विसरले. खार.' ड्रायव्हरने लिहिलं होतं, 'फोन वाजला म्हणून वर बघायचं सोडून खिशात बघितलं. परत असं केलं तर मला हाकला.'

एकेचाळीसाव्या पानावर ताईंचं अक्षर होतं, खाली सही. 'उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. दोर निसटला. खार हातभर खाली आली, मग माझ्या कमरेच्या, दोर आपोआप आवळणाऱ्या अडकणीने तो धरला. तिला वाटलं, मी गंमत केली. मी गंमत केली नव्हती.'

"हे वाचून कोण विमा देईल?" भावाचा आवाज चढला. "तुझ्या दोन बोटांपायी पस्तीस पोरांची भिंत बंद पडेल!"

"आणि लपवलं, नि उद्या खरंच कुणी पडलं तर? खारीच्या आईसमोर तू उभा राहशील?"

"तू ना, लहानपणापासून अशीच आहेस. काच मी फोडायचो आणि बाबांना तू सांगायचीस."

"म्हणून तर पायात काच कुणाच्या गेली नाही."

तपासनीस बाई आल्या. वयाने तिशीच्या आत, पण नजर बारीक. त्यांनी दोर ताणून पाहिले, गाद्यांमधल्या फटीत पाय घालून पाहिला, हेल्मेटचे पट्टे ओढले. मग फॉर्म काढला.

"अपघात?"

"बारा वर्षांत एकही नाही, मॅडम," भाऊ घाईघाईने म्हणाला.

"खरं आहे," ताईंनी वही पुढे सरकवली. "आणि का नाही, ते हे."

भावाने डोळे मिटून घेतले. बाई वाचत गेल्या. ड्रायव्हरच्या पानावर हसल्या. एकेचाळीसवर थांबल्या.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"मीच."

"त्यानंतर किती वेळा दोर धरलात?"

"एकदाही नाही. डॉक्टर म्हणतात, बोटं सुधारायची नाहीत."

हे भावाला माहीत नव्हतं. तो ताईंच्या हाताकडे बघत राहिला.

"आजी, वरच्यांना हे दाखवलं तर ते बिचकतील," बाई सावकाश म्हणाल्या. "बाकीचे क्लब कोरा कागद देतात."

"आजी म्हणा, हरकत नाही. पण कोऱ्या कागदाच्या क्लबात चुका होत नाहीत, असं तुमच्या वरच्यांना वाटत असेल, तर त्यांनी खुशाल नाकारावं. फक्त कारण लेखी द्यायचं. मी ते याच वहीत चिकटवेन. वर नंबर घालून."

बाईंनी मोबाईल काढला. वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले, एकेचाळीसचासुद्धा, आणि गेल्या.

शनिवारी दुपारी भावाचा फोन आला. विमा मंजूर झाला होता. अट एकच होती. ती तो वाचून दाखवू लागला. "एकेचाळीसाव्या पानावर सही असलेल्या व्यक्तीने यापुढे दोर..."

"धरायचा नाही. ती अट माझ्याकडून तीन आठवडे आधीच लागू आहे," ताई म्हणाल्या. "किल्ली घेऊन वेळेवर ये."

रविवारी खार धावत आली. "मावशी, आज तरी माझा दोर तुम्ही धरा ना!"

ताईंनी पिशवीतून कातडी हातमोजे काढले. उजव्या तळव्यावर दोराच्या घासण्याने पन्हळ पडली होती. त्यांनी ते ड्रायव्हरच्या हातात दिले.

"नजर वर. खिशात नाही."

"हो, मावशी."

मग त्या भिंतीसमोरच्या टेबलाशी बसल्या आणि बेचाळीसावं पान उघडलं. पेन उजव्या बोटांतून घसरलं. त्यांनी ते डाव्या हातात घेतलं आणि तारीख घातली. आकडे वाकडेतिकडे आले. ते त्यांनी तसेच राहू दिले.