हात मांडीखाली

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या वर्गातल्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर जो कीबोर्ड पालथा पडलाय, तो मी. माझ्यावरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत. एंटरचं बटण लहर आली तर चालतं. त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट या वर्गात आलो. इथल्या मॅडमचा नियम जगावेगळा होता. एका कॉम्प्युटरसमोर दोघांनी बसायचं. ज्याला येतं त्याने हात मांडीखाली दाबून फक्त तोंडाने सांगायचं, आणि ज्याला येत नाही त्याने टाइप करायचं. पोरं हसायची, कुरकुरायची. पण माझ्यावर ठेचकाळणारी बोटं महिनाभरात चालायला लागायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग माझ्या वाट्याला दोन मैत्रिणी आल्या. एकीला सगळे वादळ म्हणत, दुसरीला हळूबाई. हळूबाई आधी एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर तिचं नाव वर्गातून कमी होणार होतं.

परीक्षेला आठ दिवस उरले आणि वादळाचा धीर सुटला. मॅडमची पाठ वळली की ती मला स्वतःकडे ओढायची.

"सरक गं. तू टाइप करेपर्यंत आपण म्हाताऱ्या होऊ."

"अगं, पण मला कळायला नको का?"

"पास झालो की सगळं समजावते. आई शप्पथ!"

तिच्या मनात पाप नव्हतं. मैत्रिणीला वाचवायचंच होतं तिला. पण ते आठ दिवस माझ्यावर एकाच मुलीची बोटं धावली. जिला येत नव्हतं, तीच हात मांडीखाली घालून बसली.

परीक्षेच्या दिवशी त्यांचा प्रोग्राम न अडखळता चालला. पडद्यावर पुस्तकांची यादी आली. मॅडम म्हणाल्या, "छान. आता हीच यादी उलटी दाखवा." मग हळूबाईकडे वळून म्हणाल्या, "तू टाइप कर. ही सांगेल."

हळूबाईची बोटं माझ्यावर आली. गार होती.

"अगं, ते खालचं... ते नाही, त्याच्या आतलं... ते फिरव ना!" वादळ म्हणाली.

"ते म्हणजे कोणतं?"

वादळाला सांगताच येईना. तिने सगळं हातांनी केलं होतं, तोंडाने कधीच नाही. तिचा हात माझ्याकडे आला.

"हात खाली," मॅडम म्हणाल्या.

हळूबाईचं एक बोट माझ्या एंटरवर येऊन थांबलं. वेळ संपेपर्यंत ते तिथेच होतं. कोणी रडलं नाही. हळूबाईने दप्तर उचललं, खुर्ची नीट आत सरकवली आणि ती गेली. पुन्हा आली नाही.

वादळही नापास झाली, पण तिची पहिलीच खेप होती. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. पुढे ती दुपारी नव्या मुलांना शिकवायला येऊ लागली. हात मांडीखाली घालून बसायची. एखादं पोर अडलं की तीच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायची, पण मला शिवायची नाही. काही दिवसांनी नवे कीबोर्ड आले आणि मी कपाटात गेलो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण अडलेल्या मित्रापुढचा कीबोर्ड ओढून घेऊ नका. त्याला वेळ लागेल, तो लागू द्या.

माझ्या एंटरवर एक गार बोट येऊन थांबलं होतं. बाकीची सगळी बोटं मी विसरलो.