थंड आहे गं, चल!

मी इस्त्री बोलतेय. जरा लांब बसूनच ऐका, कारण माझं डोकं लवकर तापतं आणि निवायला वेळ लागतो. मी वजनाने भारी, लाकडी मुठीची, जुन्या घडणीची. हल्लीच्या त्या हलक्याफुलक्या इस्त्र्यांचं कौतुक माझ्यापुढे नका सांगू. एखादी कडक कॉलर पुढ्यात आली की त्यांना घाम फुटतो.

कारखान्यातून निघाले ती थेट या दुकानात आले. थंड गावातलं एका खोलीचं इस्त्रीचं दुकान. लांब टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर आणि खिडकीच्या काचेवर सदा वाफ. मालक आणि त्यांची बायको मिळून दुकान चालवायचे. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनीच म्हणते. मालकांची थोरली बहीणही त्यांच्याकडेच राहायची. वहिनी त्यांना वन्सं म्हणते. वन्सं कपड्यांच्या घड्या घालायच्या, आणि हात चालू असेपर्यंत तोंडही चालू.

दुकान बंद करून तिघं कोपऱ्यापर्यंत गेली की वहिनी थबकायची. "अहो, इस्त्री बंद केली का हो?" अगदी रोज! आणि मी रोज बंदच असायचे. पण मालक कधी चिडले नाहीत. परत यायचे, कुलूप उघडायचे, मला उचलून सरळ गालाला लावायचे आणि दारातून हाक द्यायचे, "थंड आहे गं, चल!"

सगळे मला जपून, हातभर लांब धरायचे. गालाला लावणारा तो एकच माणूस. माझा त्यांच्यावर फार जीव होता, आणि हे सांगायला मला कसली लाज?

एका हिवाळ्यात मालक गेले. त्यानंतर वहिनी कोपऱ्यावरून स्वतःच परत यायची. प्लग काढलेला दिसायचा, तरी त्याच्यावर हात ठेवून बघायची, कुलूप लावायची, पुन्हा उघडायची. तिचा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास उरला नव्हता.

"बंद आहे गं बाई, मी बघितलंय ना!" वन्सं वैतागायच्या.

"तुमचं काय वन्सं, तुम्ही न बघताही बघितलं म्हणाल."

मग दोघी कुरकुरत घरी जायच्या. चूल एक, पण बोलणं कामापुरतंच.

अशात एक दिवस दवाखान्यातली नर्स कपडे न्यायला आली. गावातल्या कामकरी माणसांनी बर्फावरच्या खेळांचं एक मंडळ काढलं होतं, त्यात ती होती. ती वहिनीचे दंड बघतच राहिली. "वहिनी, दिवसभर हे धूड ढकलता ना? मग स्कीच्या काठ्या ढकलायला काय जड जाणार आहे तुम्हाला?" मला धूड म्हणाली! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. पण वहिनी हसली. मालक गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते, म्हणून धूड हा शब्द मी गिळला.

वहिनी स्की शिकली. पडली, उठली, पुन्हा पडली. स्की बर्फावर नीट सरकायला तिच्या तळाला मेण लावावं लागतं, आणि ते वितळवून पसरायला इस्त्री लागते. कुठली इस्त्री? दुकानात दोन होत्या, पण वहिनीने मलाच उचललं. जिने डॉक्टरांचे कोट कडक केले, तिने आता फळ्यांना मेण फासायचं! मी धुमसत होते, अगदी खरोखर धूर निघेपर्यंत.

पुढचं तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी वन्संनी घाईत मलाच घेतलं आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर माझा अख्खा ठसा मेणात उमटला. काय आरडाओरडा झाला! शेवटी वन्संनीच कोटावर कागद ठेवला, वरून दुसरी इस्त्री फिरवली आणि कागदाने सगळं मेण शोषून घेतलं. मग माझ्या मुठीला लाल चिंधी बांधून त्या म्हणाल्या, "ही आजपासून खेळाडू. कपड्यांना हात लावायचा नाही हिने."

दरवर्षी राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा भरते. नावाजलेल्या खेळाडूंची नाही हं. दिवसभर पाव भाजणाऱ्या, बस चालवणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या आणि सुट्टी काढून पळायला येणाऱ्या माणसांची. गेल्या वर्षी मंडळाबरोबर वहिनीही गेली. शर्यत संपते तिथे हवा भरलेली मोठी कमान असते. वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत ती उभी ठेवतात. वहिनी पोचली तेव्हा घंटा होऊन गेली होती. कमान जमिनीवर लोळत होती आणि दोन माणसं तिची घडी घालत होती. वहिनीने काय करावं? "अहो, घडी चुकतेय तुमची," म्हणून खाली बसली आणि स्वतः नीट घडी घालून दिली. तिथे सगळ्यांबरोबर हसलीसुद्धा. दुकानात परत आल्यावर मात्र माझ्यावर डोकं टेकून रडली. "कमान उभी असताना एकदा तरी आत जायचंय गं मला," असं म्हणाली. बाहेरून ऐकणाऱ्या वन्संना वाटलं, ती कुणा गिऱ्हाइकाशी बोलतेय.

यंदा वन्संही स्पर्धेला आल्या. "सामान कोण उचलणार हिचं?" एवढंच कारण सांगितलं. कापडी तंबूत मेणाची टेबलं मांडलेली होती. वहिनीने स्कीला मेण लावलं, माझा प्लग काढला, तेवढ्यात बाहेर तिचा पुकारा झाला आणि ती पळाली.

शर्यत दोन फेऱ्यांची होती. पहिली फेरी संपवून लोक तंबूसमोरून पुढे जात होते. सगळ्यांत शेवटी वहिनी आली, पण गेल्या वर्षीपेक्षा बरीच आधी. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच बाई वाट सोडून तंबूकडे वळली!

"वन्सं, इस्त्री बंद केली का मी?"

"अगं, बंद आहे! पळ!"

"प्लग काढल्याचं आठवत नाही मला. तंबू कापडाचा आहे वन्सं, सगळ्यांचं सामान आहे आत."

"माझे आई, बंद आहे म्हणते ना मी!"

पण वहिनी स्की सोडायला वाकली. स्की काढून आत येणार, बघणार, पुन्हा घालणार. संपलंच मग! मी बोंबलत होते, "बंद आहे मी! जा, बये, जा!" पण इस्त्रीचं कोण ऐकतं?

वन्सं टेबलाकडे वळल्या. मला दोन्ही हातांनी उचलून तंबूच्या दारात आल्या आणि वहिनीच्या डोळ्यांसमोर मला गालाला लावलं. आधी कचरल्या, मग घट्ट लावलं.

"थंड आहे गं," त्या म्हणाल्या. "चल."

आवाज अगदी मालकांचा. भावंडंच शेवटी. वाकलेली वहिनी सरळ झाली. मग तिने काठ्या रोवल्या, वळली आणि जिथून वाट सोडली होती तिथूनच पुन्हा निघाली.

वन्सं मला खाली ठेवायच्या विसरल्या. वायर बर्फातून फरफटत आम्ही दोघी कमानीपाशी पोचलो. हवा भरणाऱ्या पंख्याजवळ एकजण बटणावर हात ठेवून उभा होता.

"घंटा झाली का?" वन्संनी विचारलं.

"होईलच आता. सगळे आले, बाई."

"सगळे नाही आले. आमची वहिनी यायचीय. घंटा होईपर्यंत तो हात खिशात घाला."

त्याने वन्संकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं आणि हात खिशात घातला. आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

आणि वळणावर वहिनी दिसली. टोपी तिरपी, तोंड लालबुंद, आणि दोन्ही हात असे चालले होते जणू पुढे चादरींचा ढीग पडलाय. नर्स ओरडत होती, मंडळातला पाववाला ओरडत होता, वन्सं तर मला हवेत नाचवत होत्या. वहिनी कमानीखालून आत गेली. शेवटचीच, पण कमान ताठ उभी होती! ती वन्संच्या गळ्यात पडली, मी मधे चेंगरले, आणि तेव्हा कुठे घंटा झाली.

पंखा बंद झाला, कमान खाली बसली, माणसं घडी घालायला धावली. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "थांबा हो, घडी चुकतेय तुमची." मग दोघी नणंद-भावजयांनी मिळून ती घडी घातली.

आता मी म्हातारी झालेय. वायर दोनदा बदलली, तळ मेणाने काळवंडला, चिंधीचा लाल रंगही गेला. संध्याकाळी दुकान बंद होतं, दोघी कोपऱ्यापर्यंत जातात, वहिनी थबकते आणि वन्सं कुरकुरत परत येतात. कपड्यांची इस्त्री दिवसभर तापलेली असते, तिचा प्लग बघतात. मला तर हल्ली हिवाळ्याशिवाय कुणी लावतही नाही. तरी मला उचलतात, गालाला लावतात आणि दारातून हाक देतात.

माझं एकच मागणं आहे. उद्या मला भंगारात टाकायची वेळ आली तर खुशाल टाका. फक्त न्यायच्या आधी एकदा गालाला लावून बघा, आणि कोपऱ्यावर वहिनी थांबलेली असेल, तिला तेवढं ओरडून सांगा.