भंडाऱ्याखालचं पिल्लू

मित्रांनो, इरम्माच्या गोठ्यात खुंटीला टांगलेली जी मोडकी टोपली दिसते ना, ती मी. कोंबड्या झाकायच्या माझ्यासारख्या टोपलीला इकडे डालगं म्हणतात. तुम्ही तसं म्हणालात तरी मला राग नाही. माझाच मला राग यावा असं एक काम माझ्याकडून घडलं आहे, आणि तेच आज सांगायचं आहे.

नळदुर्गच्या सिताबाई बुरडिणीनं मला विणलं. कामट्या तासताना तिची बोटं सोलून निघायची, पण वीण कधी सैल पडली नाही. "कोंबडी कोंडावी, वारं कोंडू नये," असं म्हणत तिनं माझ्या अंगाला बोटबोट भोकं ठेवली. बाजारात दहा टोपल्यांत मी उठून दिसायची. एके दिवशी एका माणसानं मला उचललं आणि मी मनात म्हटलं, आता आपल्या पोटाखाली पिवळीधमक पिल्लं चिवचिवणार.

पिल्लं पिवळीच होती, पण कुत्र्याची होती.

ते निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. रझाकारांच्या भीतीनं माणसं दिवसासुद्धा दाराला कडी लावून बसत. मळ्यात एकट्यानं राहणाऱ्यांना दारात भुंकणारं जनावर हवंच होतं. माझ्या मालकानं ही नड बरोबर हेरली. अणदूरच्या बाजारात त्याचं नाव बब्रुवान, दुसऱ्या बाजारात दुसरंच काही. गाव विचारलं की हात लांब करून "हितनं जवळच हाय" म्हणायचा, आणि तो हात दर वेळी वेगळ्या दिशेला जायचा.

माळावरच्या मेंढपाळांची नजर चुकवून तो पिल्लं उचलायचा. त्यांचे डोळे नुकते उघडलेले, तोंडात दात नाही. आईविना ती रडू लागली की अफूच्या बोंडांचं पाणी वातीनं पाजायचा. मग ती गप्प पडायची. अंगावरची खरूज आणि जखमा झाकायला वरून मूठमूठ भंडारा चोळायचा. सिताबाईनं ठेवलेली भोकंही त्यानं गोणपाटानं बुजवली. शेजारी एक म्हातारी कुत्री झूल घालून बांधलेली असे. ही पिल्लांची आई, असं तो सांगे.

रविवारी खंडोबाच्या देवळाबाहेर तो मला उपडी मांडायचा आणि ओरडायचा, "देवाचं कुत्रं! किंमत न्हाय, दक्षिणा द्या! ह्यो शेवटचा जीव उरलाय, सोलापूरचं शेठ निघालेत न्यायला!" खंडोबाच्या दारातलं कुत्रं, त्यावर खंडोबाचाच भंडारा. तो पुसून खाली काय आहे हे बघायची छाती कुणाची होणार? लोक पिल्लाला हात जोडत, पदरात घेत आणि घाईघाईनं घरी जात.

बलभीम नावाचा एक साधा शेतकरी असंच एक पिल्लू घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी ते मेलं. पुढच्या रविवारी बलभीम आला तेव्हा मला वाटलं, हा आता बब्रुवानची गचांडी धरणार. पण तो हात जोडून उभा राहिला. "माझ्या घरात देवाचा जीव गेला. काय चुकलं म्हाराज?" बब्रुवान डोळे मिटून म्हणाला, "शिवाशिव झाली आसंल. वरीसभर मीठ सोडा." आणि त्या भल्या माणसानं खरंच मीठ सोडलं. तेव्हा मला कळलं, या धंद्यात तक्रार का येत नाही. ज्याचं पिल्लू मरे, तो स्वतःलाच दोषी धरी.

मला सगळं दिसत होतं, मित्रांनो. पण टोपलीला तोंड कुठं असतं?

मग तो रविवार आला. सकाळपासून तीन पिल्लं विकली गेली होती. माझ्या अंधारात एकच उरलं होतं. त्याचा श्वास इतका हळू चालला होता की दोन श्वासांच्या मधे मी घाबरून जायची. दूध मिळालं नाही तर ते दिवेलागण बघणार नाही, हे मला कळत होतं.

तेवढ्यात इरम्मा आली. मळ्यात म्हशी राखणारी पन्नाशीची बाई, अंगानं काटक, बोलण्यात कानडीचा हेल. तिचा लेक शिवशरण रझाकारांशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेलेला. मळ्यात ती एकटी. तिला कुत्रं हवंच होतं, पण घाई नव्हती. आधी ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि कान लावला.

"तम्मा, भर दुपारी पिल्लू गप कसं रे? पिल्लानं कसा कालवा करायला पायजे."

"देवाचं हाय आक्का. शांत गुणाचं."

"बरं. मग आईला लाव की. पिताना बगू दे."

बब्रुवान जरा अडखळला. "आज रविवार. उपास हाय त्याला."

"दात न्हाईत त्याला, आन् उपास?" इरम्मा हसली, पण डोळे हसत नव्हते. तिनं सरळ मला उचलून बाजूला ठेवलं. कितीतरी दिवसांनी पिल्लावर ऊन पडलं. ते हललंसुद्धा नाही. इरम्मानं त्याला कुत्रीच्या पोटाशी नेलं, तशी कुत्री गुरगुरून मागं सरली. झूल वर झाली. तिची आचळं सुकून पोटाला चिकटली होती.

"ह्या आईनं तर दोन वर्सांत पाजलं न्हाय कुणाला. म्हशीचं सड धरण्यात जन्म गेला माझा. मला शिकवतूस?"

गर्दी जमली. इरम्मानं पदर पाण्यात बुडवला आणि पिल्लाच्या पाठीकडं नेला. बब्रुवान किंचाळला, "भंडारा पुसती! देवाचा भंडारा पुसती ही बाई!"

लोक खवळले. कुणी "आक्का, पाप हाय" म्हणालं, कुणी तिचा हात धरायला पुढं झालं. एका पिल्लासाठी ही बाई देवाच्या दारात मार खाणार, असं मला वाटलं. माझ्या सगळ्या कामट्या ताठ झाल्या.

इरम्मा थांबली. कोरड्या बोटांनी तिनं पिल्लाच्या पाठीवरचा भंडारा अलगद गोळा केला आणि आपल्या कपाळाला लावला. भरपूर लावला. मग उभी राहून म्हणाली, "म्हाळसा आमची लिंगायताची लेक, म्हंजी खंडोबा आमचा जावाई. जावयाचं होतं ते म्या कपाळाला लावलं. आता जे खाली ऱ्हायलं ते ह्या माणसाचं. बगा."

खाली केस नव्हते. लालभडक कातडी होती, आणि मानेखालच्या जखमेत किडे वळवळत होते.

बब्रुवान घाईनं म्हणाला, "न्या आक्का, द्याल ती दक्षिणा द्या. तुमी न्हाय नेलं तर मरंल ते."

हे ऐकून इरम्मानं पिल्लू छातीशी धरलं. कनवटीकडं गेलेला तिचा हात मी पाहिला. तो तिथंच थांबला. "म्या पैसं दिलं तर पुढच्या रविवारी तू चार आनशील," ती म्हणाली. "एक छदाम देनार न्हाय. आन् पिल्लू खाली ठेवनार न्हाय."

बब्रुवाननं पिल्लू हिसकायला हात घातला. तो हात मधेच कुणीतरी पकडला. बलभीम होता तो.

"म्हाराज," तो हळू आवाजात म्हणाला, "म्हंजी ते माझ्या हातनं मेलं न्हवतं?"

बब्रुवाननं हात सोडवून घेतला आणि मला, कुत्रीला, सगळ्यालाच टाकून तो देवळामागं पळाला. काही जण त्याच्या मागं धावले. बलभीम मात्र तिथंच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. इरम्मा आम्हा सगळ्यांना मळ्यात घेऊन आली, आणि त्या संध्याकाळी तिनं बलभीमला भाकरी वाढली आणि तीवर चिमूटभर मीठ ठेवलं. ते त्यानं बोटानं उचलून जिभेवर ठेवलं.

माझ्यावरचं गोणपाट इरम्मानं फाडून टाकलं. पिल्लाला पुन्हा माझ्याच खाली ठेवलं, पण आता आत वारा होता, ऊन होतं, मऊ फडकं होतं. शेळीचं दूध ती बोटानं चाटवायची. म्हातारी कुत्री आधी लांब बसायची, मग हळूहळू जवळ येऊन मला टेकून झोपू लागली. चार दिवस पिल्लू जगतं की जातं, काही कळत नव्हतं.

आता मी म्हातारी झाले. माझा काठ उसवला आहे. मित्रांनो, जनावर घरी आणायला जाल तेव्हा माझ्यासारखी टोपली आधी उचला. उजेडात बघा. त्याची आई कुठं आहे ते विचारा आणि तिच्याजवळ त्याला सोडून बघा. विकणारा घाई करू लागला, तर तुम्ही बसून घ्या. आणि वर देवाचं नाव असलं, तर ते कपाळाला लावून खालचं बघा.

पाचव्या दिवशी पिल्लू उठलं. लटपटत माझ्यासमोर उभं राहिलं, माझ्याकडं बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा भुंकलं. इरम्मा हसली, बलभीम हसला. ते माझ्यावर भुंकत होतं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.